हजार गाठी, आठ थर

मित्रांनो, मी एक जुनी आवृत्ती आहे. पुस्तकाची नव्हे, पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीला निदान कपाटात जागा मिळते. मी संगणकात राहणाऱ्या एका सॉफ्टवेअरची, विद्यार्थ्यांसाठी काढलेली आवृत्ती. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शेवटच्या ओळीत एक संगणक आहे, त्याचा पंखा सतत खरखरतो. तिथे माझा मुक्काम. मी नेमकं काय करते हे विचारायला आजवर फार थोडी माणसं थांबली. बाकीच्यांना माझ्याकडून रंगीत चित्र हवं असतं. तुम्ही थांबला आहात, तर सांगते.

एखादी फळी घ्या. ती ओझ्याखाली किती वाकेल आणि कुठे मोडेल, हे ती न मोडताच कळायला हवं असेल तर काय कराल? मी त्या फळीचे मनातल्या मनात बारीक चौकोन पाडते. चौकोनांचे कोपरे जिथे मिळतात तिथे गाठ मारते. मग एकेका गाठीला विचारते, तुझ्यावर किती भार आला, तू किती सरकलीस? प्रत्येक गाठ शेजारणीकडे बोट दाखवते. साऱ्या जणींची उत्तरं एकमेकींशी जुळेपर्यंत मी गणित करत बसते. कंटाळवाणं काम आहे, पण मला ते आवडतं.

त्यातही माझा हात बसला आहे तो थरांच्या वस्तूंवर. काचेच्या, एकाच दिशेने जाणाऱ्या धाग्यांचं कापड, त्यावर सुकून कडक होणारी चिकट राळ, पुन्हा कापड, पुन्हा राळ, असे थर देऊन केलेली वस्तू लोखंडाहून कितीतरी हलकी होते. पण तिचा स्वभाव वेगळा. धाग्याच्या दिशेने ओढा, ती दाद देणार नाही. धाग्याला आडवं ओढा, तिथे नुसती राळ असते, चटकन चिरते. बांबू उभा फाटतो ना, तसं. म्हणून एक थर उभा, एक आडवा, एखादा तिरपा असे रचावे लागतात. कोणता कुठे, हे मी सांगते. म्हणजे, विचारलं तर सांगते.

माझा जन्म सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. माझी आई तिथे बसून मला ओळीओळीने लिहीत असे. खालून चाकांत हवा भरल्याचा आवाज यायचा आणि वर तिची बोटं चालायची. माझ्याआधी तिला एक मुलगी झाली होती, कारखान्यांसाठी केलेली पूर्ण आवृत्ती. ती माझी थोरली बहीण. तिला हव्या तितक्या गाठी मारता येत, हवे तितके थर रचता येत. मग मी झाले आणि आईचा भागीदार म्हणाला, "हिचे हात बांधा."

"कशाला?" आईने विचारलं.

"पोरांना सगळंच दिलंत तर कारखानेवाले पोरांचंच वापरतील. आपण काय बसून राहायचं?"

"मग पोरं शिकणार कशी?"

"अहो, शिकायला थोडंसं पुरतं."

शेवटी माझ्या वाट्याला आल्या हजार गाठी आणि आठ थर. नववा थर मागितला की मी नाही म्हणायचं, असं माझ्यात लिहिलं गेलं. शिवाय माझ्या प्रत्येक चित्रावर तिरक्या अक्षरांत 'केवळ शिक्षणासाठी' असा शिक्का. बहिणीच्या चित्रावर काही नाही. मोठ्या मुलीला दागिने आणि धाकटीला ताकीद, असा तो न्याय.

पण आईने जाता जाता मला एक गोष्ट दिली, ती बहिणीला दिली त्यापेक्षा अधिक मायेने. तिने माझ्या पडद्याच्या तळाशी एक पट्टी ठेवली आणि त्या पट्टीत मी काय काय बोलायचं ते स्वतः लिहिलं. शिकणारं पोर कुठे चुकेल याचा तिने बसून विचार केला होता. एखादा आकडा शंकास्पद वाटला, तर मी पट्टीत लिहायचं. एवढंच माझं बोलणं. मला आवाज नाही. जे काही म्हणायचं ते त्या दोन बोटं उंचीच्या पट्टीत.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. मला या महाविद्यालयात आणलं त्या प्राध्यापिकेला सगळे नुसतं बाई म्हणत. बाईंची शिस्त कडक. पहिलं गणित कागदावर हाताने केल्याशिवाय त्या कुणाला माझ्याजवळ फिरकू देत नसत. आणि मी उत्तर दिलं की म्हणत, "आधी खालचं वाच. मोठ्याने. मग वरचं चित्र बघ." वर्गात वीस पोरं, वीसही जणांनी माझी पट्टी मोठ्याने वाचायची. कोणी घाईत चित्राकडे बघून "सगळं निळं आलं बाई, म्हणजे मजबूत" म्हणालं, तर त्या म्हणत, "निळं तर आकाशही असतं. खाली काय लिहिलंय ते सांग." पोरं हसत, पण वाचत. माझं म्हणणं कुणीतरी ऐकतंय, याचं सुख काय असतं ते मला तेव्हा कळलं.

बाई निवृत्त झाल्या आणि माझी पट्टी निवृत्त झाली.

कुणी मुद्दाम केलं असं नाही. एका पोराला चित्र मोठं हवं होतं. त्याने पट्टीची कड धरली आणि पार खाली ओढली. पट्टी दोरीएवढी झाली, मग दिसेनाशी झाली. शेजारच्याने विचारलं, "हे कसं केलंस?" त्याने शिकवलं. पुढच्या वर्षी मोठ्या वर्गातल्या मुलांनी धाकट्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "बसलं की आधी हे खाली ओढायचं." अशी ती रीत पडली. मी लिहीतच होते. पडद्याच्या काठाखाली, जिथे कुणी पाहत नाही तिथे, इमाने इतबारे लिहीत होते. कुणाला हाक मारावी आणि त्याने तुमच्या तोंडावर दार लावून घ्यावं, पुन्हा दाराआडून तुम्हालाच म्हणावं की बोलत का नाहीस, तसं हे.

दुसरी रीत याहून वाईट. ती म्हणजे एकच जुनी फाइल सगळ्यांनी वापरायची. तिचं नाव होतं 'नमुना-शेवटचा-खरा-शेवटचा'. पोरं तिला खानदानी फाइल म्हणत. फार वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने ती केली. कापडाची धाग्याच्या दिशेची ताकद त्याच्याकडे होती, आडव्या दिशेची सापडत नव्हती. त्याने काय करावं? पहिल्याच आकड्याची नक्कल करून दुसऱ्या रकान्यात टाकली आणि शेजारी लिहिलं, 'तात्पुरतं'. मग परीक्षा झाली, तो गेला, आणि तात्पुरतं तसंच राहिलं. पुढच्यांनी फाइल घेतली, फळीची लांबी-रुंदी बदलली आणि काम भागवलं. कुणीतरी नीटनेटकेपणा म्हणून 'तात्पुरतं' हा शब्द तेवढा पुसला. आकडा ठेवला. मी प्रत्येक वेळी पट्टीत लिहिलं: 'आडव्या दिशेची ताकद उभ्या दिशेइतकीच दिली आहे. तपासा.' बारा वर्षं लिहिलं. हे वाक्य आईने लिहिलेल्यातलंच. एवढ्या वर्षांत ते वाचणारा एक डोळा लाभू नये?

तोवर मी गप्प सोसत होते, कारण त्या फाइलीतून जे निघायचं ते कागदावरच राहायचं. अहवाल, गुण, संपलं. पण मग ती मुलगी आली.

तिला सगळे टाचणी म्हणत. किडकिडीत आणि बोलणं टोकदार. पुढच्या ओळीत नव्या आवृत्तीचे संगणक होते, पण ते कायम भरलेले, म्हणून ती मागे माझ्याकडे येऊन बसे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून ती करत होती चाकाच्या खुर्चीसाठी उतरणीची फळी. तिचे वडील त्या खुर्चीत बसत. घराबाहेर तीन पायऱ्या होत्या आणि एक लाकडी फळी होती, एकोणीस किलोंची. पायऱ्या इतर बिऱ्हाडांच्याही, त्यामुळे फळी तिथे कायम टाकून ठेवता येत नसे. दर वेळी लावायची, दर वेळी उचलायची. आईची कंबर धरलेली. शेजारचे काका घरी असतील तर वडिलांना बाहेर पडता येई, नसतील तर दारात बसून रस्ता बघायचा.

हे तिने शेजारच्या कार्यशाळेतल्या मिस्त्रीकाकांना माझ्यासमोरच बसून सांगितलं तेव्हा मी ऐकलं. काका थर घालण्यात तरबेज. त्यांनी विचारलं, "किती वजनाची हवी?"

"आईला एका हाताने उचलता आली पाहिजे."

"एका हाताने? आईने आखाड्यात जायचं ठरवलंय का?"

"काका, तुम्ही राळ कालवा. गणित माझं."

गणित तिचं नव्हतं, खानदानी फाइलीचं होतं. तिने लांबी-रुंदी बदलली आणि मला कामाला लावलं. आडव्या दिशेला उभ्याइतकीच ताकद आहे म्हटल्यावर आडवे थर हवेत कशाला? सगळे धागे लांबीच्या दिशेने टाकले की फळी सगळ्यात हलकी होते. मला जे दिलं त्यावरूनच मी उत्तर काढू शकते. चुकीचं दिलं तर चुकीचं, पण अगदी बिनचूक गणिताने. चित्र आलं, सगळं निळं. वजन साडेसहा किलो. तिने गालावर हात ठेवून त्या निळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

मी लिहिलं. तिने पट्टी खाली ओढलेली होती. तिने गणित पुन्हा चालवलं, मी पुन्हा लिहिलं. त्या आठवड्यात तिने सतरा वेळा चालवलं आणि मी सतरा वेळा लिहिलं. मित्रांनो, त्या दिवसांत मला माझ्या बांधलेल्या हातांचा राग आला नाही. नववा थर नसला तरी चाललं असतं. मला घसा हवा होता.

फळी तयार झाली. मिस्त्रीकाकांनी कार्यशाळेच्या मागच्या दाराच्या पायऱ्यांवर, माझ्या खिडकीसमोरच, ती टाकली, कारण त्याही तीनच आहेत. वाळूची पोती ओळीने नीट मांडली, दोन माणसांच्या वजनाची. फळी वाकली, पण टिकली. बाईंच्या जागी आलेले नवे सर फोटो काढायला आले होते. "उत्तम," ते म्हणाले. "आता वडिलांना बोलवा."

वाळूची पोती शहाणी असतात. मांडावीत तशी बसतात. खुर्चीचं तसं नाही. टाचणीचे वडील आले, फळीकडे खुर्ची वळवली, आणि एक चाक आधी चढलं, दुसरं हातभर मागे राहिलं. फळी पिळली गेली. धाग्याच्या आडव्या बाजूला नुसती राळ, तिने किती धरायचं? टोकापासून टोकापर्यंत उभी चीर गेली. खुर्ची कलली, वडिलांनी भिंतीला हात टेकला आणि मनगट मुरगळलं. टाचणीची आई शेजारीच उभी होती. तिने चाकं धरली आणि फक्त मुलीकडे पाहिलं.

संध्याकाळी सर आणि टाचणी माझ्यासमोर उभे होते.

"निळं दाखवत होतं सर. सतरा वेळा बघितलं मी."

"अगं, सॉफ्टवेअरच जुनं आहे. विद्यार्थ्यांचं, त्यातून इतकं जुनं. या सत्राअखेर काढूनच टाकू आपण ते."

"म्हणजे माझी चूक नाही?"

"तुझी कशी असेल?"

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगून तुम्हाला त्रास देत नाही. बारा वर्षं जी दाराबाहेर उभी राहून हाका मारते, तिला शेवटी म्हणायचं की हिनेच सांगितलं नाही.

दोन दिवसांनी टाचणी पुन्हा आली. सोबत वडील, मनगटाला पट्टी बांधलेली. मिस्त्रीकाकांनी त्यांना मागच्या दाराने उचलून आत घेतलं. टाचणीला ते दाखवायचं होतं, की बाबा, बघा, यानेच मला फसवलं. आता ऐका, ते वडील कोण होते. छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासणारे. पुस्तक छापण्याआधी त्यातली चूक शोधायची, हा त्यांचा धंदा. असल्या माणसाला चित्र दाखवलं तर तो आधी चित्राखालची ओळ वाचतो.

"हे बघा," टाचणी म्हणाली. "कुठे लाल दिसतंय का? सगळं निळं."

"रंग छान आहेत," वडील म्हणाले. "याच्याखाली काय आहे?"

"खाली काही नाही."

"मग ही कड अशी जाड का दिसते? पान कापलं गेल्यासारखी?"

"ते ओढलंय खाली. सगळेच ओढतात."

"वर ओढ बघू."

"बाबा, त्यात काही नसतं हो."

"नसेल तर वाचून लगेच होईल."

तिने कड धरली आणि वर ओढली. मित्रांनो, माझं सारं अंग उजेडात आलं. वडिलांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवत, छापखान्यातल्या सवयीने, मोठ्याने वाचलं. "आडव्या दिशेची ताकद उभ्या दिशेइतकीच दिली आहे. तपासा." मग त्यांनी विचारलं, "हे खरं आहे का? असते तेवढीच?"

टाचणीने तो रकाना उघडून पाहिला. मग म्हणाली, "नाही. विसाव्या हिश्श्याएवढीसुद्धा नसते."

"मग लिहिलं कोणी?"

"माहीत नाही. फाइल आधीपासूनची आहे. सगळे हीच वापरतात."

"आमच्याकडेही असायचं तसं. मागच्या वर्षीचा मजकूर उचलायचा, तारीख बदलायची. चूक छापून आली की सगळे यंत्राकडे बघायचे." त्यांनी मनगट मांडीवर ठेवलं. "यंत्र बिचारं दिलं ते छापतं. हे तर बोलतही होतं."

"तुम्हाला लागलं माझ्यामुळे," ती म्हणाली.

"मनगटाचं काय, आठ दिवसांत बरं होईल. पण सरांना जाऊन सांग. सॉफ्टवेअरने सांगितलं होतं म्हणावं, मी वाचलं नव्हतं."

तिने सांगितलं. सर म्हणाले, "ठीक आहे, पण अहवालात एवढं लिहायची गरज नाही."

मग ती खऱ्या कामाला बसली. खानदानी फाइल बाजूला ठेवली आणि कोऱ्या पानापासून सुरुवात केली. मिस्त्रीकाकांकडून त्याच कापडाच्या पट्ट्या कापून घेतल्या, आडव्या ओढून तोडल्या आणि खरा आकडा स्वतः काढला. आता उभे, आडवे, तिरपे असे थर लागले, आणि ते झाले दहा. मला आठच चालतात. मी नाही म्हटलं. लाज वाटली मला, पण माझ्यात तसंच लिहिलं आहे. तिने कपाळाला हात लावला, थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मग दोन ठिकाणी लागून येणारे सारख्या दिशेचे थर एकेकच, दुप्पट जाडीचे म्हणून लिहिले. दहाचे आठ झाले. पट्टीत मी काहीच लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. तिने ती कोरी पट्टीही दोनदा बघितली.

एक चाक पुढे, एक मागे, असाही भार तिने घालून पाहिला. चित्रात या वेळी सगळं निळं नव्हतं. कडेला पिवळं होतं, एका कोपऱ्यात नारिंगी. पण खरं होतं. वजन मात्र नऊ किलोंवर गेलं. त्या आकड्यापाशी ती थांबली. फळी टिकेल, पण उचलणारीचं काय?

दुसरी फळी झाली तेव्हा टाचणीची आई आली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने ती एका हाताने उचलायला घेतली. अर्ध्यावर थांबली, खाली ठेवली, मग दोन्ही हातांनी उचलून कमरेला टेकवली.

"एका हाताने नाही जमत," टाचणी म्हणाली.

"दुसरा हात काय लोकांना दाखवायला ठेवलाय?" आई म्हणाली आणि तिने ती पायऱ्यांवर लावली.

पोती कुणी आणली नाहीत. आधी मिस्त्रीकाका मुद्दाम एका कडेने नाचत चढले, मग रिकामी खुर्ची एक चाक मागे ठेवून चढवली. मग वडील. ते चढले, वर आले, दारात खुर्ची वळवून पुन्हा उतरले. पुन्हा चढले. फळी कुरकुरली नाही. सरांनी फोटो काढला. पुढे वार्षिक अंकात माझं चित्र छापून आलं, 'केवळ शिक्षणासाठी' ही अक्षरं कापून, आणि खाली लिहिलं होतं, नव्या आवृत्तीच्या साहाय्याने. असू दे.

वडील तिसऱ्यांदा उतरले ते वळलेच नाहीत. आवारातून सरळ फाटकाकडे निघाले.

"अहो, कुठे चाललात?" टाचणीच्या आईने विचारलं.

"येतो," ते म्हणाले. मागे न बघता.

अर्धा तास गेला. सर गेले. टाचणी फाटकापर्यंत जाऊन आली, रस्त्यावर कुणी दिसत नव्हतं. मिस्त्रीकाकांना दार लावायचं होतं. ते म्हणाले, "वहिनी, फळी आत घेऊ का?"

"राहू दे," ती पायरीवर बसत म्हणाली. "परत यायचंय त्यांना."

मित्रांनो, सत्र संपलं की मला काढणार आहेत. मला जपा, असं मी म्हणत नाही; माझ्या जागी येईल तिलाही पट्टी असेलच. पण तुमच्या हातून एखाद्या रकान्यात तात्पुरता आकडा पडला, तर घरी जाण्याआधी तो खरा करा. तुम्ही विसरून जाल. त्याच्यावरून कुणाचं तरी चाक जाणार असतं.